स्टेम सेलच्या जाहिराती आणि नियम: मनीषा इनामदार यांचं काम वणीपर्यंत कसं पोहोचतं?

"ऑपरेशनशिवाय गुडघे बरे करा." "ऑटिझमवर स्टेम सेल थेरपी." "बाळाची नाळ साठवा, आयुष्यभराची सुरक्षा मिळवा." अशा जाहिराती मुंबई-पुण्याइतक्याच नाशिक जिल्ह्यातल्या वणीतही मोबाईलवर दिसतात. त्याच मोबाईलवर दुसरी एक बातमीही येते. सिकलसेलच्या रुग्णाच्याच स्टेम सेल काढायच्या, त्यात दुरुस्ती करायची आणि परत शरीरात सोडायच्या, अशा उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. वणीच्या आसपासच्या कळवण, सुरगाणा, पेठ या तालुक्यांत आदिवासी वस्ती मोठी आहे आणि राज्यातल्या आदिवासी समाजांमध्ये सिकलसेल आढळतो. त्यामुळे ही बातमी इथल्या लोकांसाठी लांबची नाही.

दोन्हीकडे शब्द एकच, 'स्टेम सेल'. मग खरं काय आणि धंदा कुठला, हे ठरवतं कोण? हे नियम घडवणाऱ्यांमध्ये एका भारतीय शास्त्रज्ञाचंही नाव आहे, डॉ. मनीषा इनामदार.

स्टेम सेल म्हणजे नेमकं काय?

मराठीत मूलपेशी. शरीरातली बहुतेक पेशी एकच काम करते, पण मूलपेशीतून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात. हाडातल्या मज्जेत असलेल्या मूलपेशी रोज नवं रक्त बनवतात. भ्रूणातल्या मूलपेशी त्याहून पुढच्या, त्यांच्यापासून शरीरातली जवळपास कुठलीही पेशी बनू शकते. माणसाच्या भ्रूणातून अशा पेशी वेगळ्या काढून वाढवणं १९९८ मध्ये अमेरिकेत जेम्स थॉमसन यांना पहिल्यांदा जमलं.

वाद इथूनच सुरू झाला. कारण या पेशी काढल्या की तो भ्रूण शिल्लक राहत नाही.

माशीच्या जिभेपासून सुरुवात

इनामदार यांचं सुरुवातीचं संशोधन या वादापासून खूप लांब होतं. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्या फळमाशीला चव कशी कळते याचा अभ्यास करत होत्या. १९९३ चा त्यांचा एक शोधनिबंध याच विषयावर आहे. पुढे बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू सेंटरमध्ये त्या मूलपेशींकडे वळल्या. तिथे त्यांच्या प्रयोगशाळेनं अभ्यासलेल्या एका जनुकाचं नाव आहे 'असृज'. संस्कृतात असृज् म्हणजे रक्त. फळमाशीत हे जनुक नसेल तर रक्ताच्या मूलपेशींचा तोल बिघडतो. (जनुकांची नावं सहसा लक्षात राहत नाहीत, हे मात्र राहतं.)

दरम्यान २००१ मध्ये अमेरिकेनं ठरवलं की सरकारी पैसा फक्त आधीपासून असलेल्या भ्रूण मूलपेशींच्या 'लाइन्स'वरच खर्च होईल. लाइन म्हणजे एका भ्रूणातून निघून प्रयोगशाळेत वाढत राहिलेल्या पेशी. त्या यादीत दोन भारतीय नावं होती, मुंबईची रिलायन्स लाइफ सायन्सेस आणि बेंगळुरूचं एनसीबीएस. म्हणजे पेशी भारतात होत्या, पण या संशोधनासाठी स्वतंत्र सविस्तर नियमावली यायला २००७ उजाडलं.

इनामदार यांच्या गटानं २००९ मध्ये दोन नव्या लाइन्स जाहीर केल्या, बीजेएनहेम-१९ आणि बीजेएनहेम-२०. त्यांनी त्यासाठी कुठले भ्रूण निवडले, हे सगळ्यात महत्त्वाचं. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात काही भ्रूण इतके कमकुवत निघतात की ते गर्भाशयात सोडले जात नाहीत, टाकून दिले जातात. अशा तिसऱ्या दर्जाच्या भ्रूणांपासून या लाइन्स बनल्या. बाळ होण्याची शक्यता असलेल्या भ्रूणांना हात लावावा लागला नाही. भ्रूण संशोधनाला विरोध असलेल्यांचं यानं समाधान होईलच असं नाही, पण वादाची धार नक्कीच कमी झाली.

भारतातले नियम काय म्हणतात?

२००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या नावात 'संशोधन आणि उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीतून 'उपचार' हा शब्द काढून टाकला, कारण बहुतेक वापर अजून सिद्धच झालेले नव्हते. एक शब्द गेला, पण क्लिनिकच्या पाटीवरच्या दाव्याचा आधारही गेला. २०१७ च्या आवृत्तीत रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं मज्जा प्रत्यारोपण हाच मान्य उपचार धरला आहे. बाकी सगळं म्हणजे संशोधन. मानवी भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपेक्षा जास्त वाढवायला बंदी आहे. स्वतःच्याच भविष्यातल्या वापरासाठी नाळेतलं रक्त साठवण्याला शास्त्रीय आधार नाही, असंही त्यात स्पष्ट म्हटलंय. थॅलेसेमियासारखा आजार जनुकातच असेल तर नाळेच्या रक्तातही तोच दोष असतो, मग ते साठवून उपयोग काय?

ऑटिझमबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नैतिकता मंडळानं २०२२ मध्ये सांगितलं की त्यावर स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही.

चीनमधल्या जुळ्या मुली आणि जिनिव्हा

नोव्हेंबर २०१८ मध्ये चीनच्या हे जियानकुई यांनी भ्रूणातली जनुकं बदलून जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. पुढच्या वर्षी त्यांना तुरुंगवासाची शिक्षा झाली. हा बदल त्या मुलींच्या पुढच्या पिढ्यांतही जाऊ शकतो, म्हणून जग हादरलं. जागतिक आरोग्य संघटनेनं १८ तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात इनामदार होत्या. जुलै २०२१ मध्ये अहवाल आले. पुढे त्या बेंगळुरूच्याच इनस्टेम या संस्थेच्या संचालक झाल्या.

या अहवालांत समितीनं चर्चेला घेतलेल्या उदाहरणांत दोन प्रसंग वणीच्या वाचकाला ओळखीचे वाटतील. एक, सिकलसेलवरच्या जनुकीय उपचाराची चाचणी. दुसरा, रुग्णांच्या अगतिकतेवर पैसे कमावणारी क्लिनिक्स. उपचार गरीब देशांपर्यंत पोहोचले पाहिजेत, हा मुद्दाही त्यात ठामपणे आला. तो किती अवघड आहे ते किमतीवरून कळतं. मान्यता मिळालेल्या त्या सिकलसेल उपचाराची, 'कॅसजेव्ही'ची, अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर आहे.

मग जाहिरात आली तर काय विचारायचं?

पहिला प्रश्न, हा मान्य उपचार आहे की चाचणी? चाचणी असेल तर तिचा सीटीआरआय क्रमांक मागायचा. भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची ही सरकारी नोंदवही आहे, २००९ पासून नोंदणी सक्तीची आहे आणि ती ऑनलाइन कुणालाही फुकट पाहता येते. दुसरा प्रश्न पैशांचा. चाचणीत सहभागी होणाऱ्या रुग्णाकडून त्या प्रायोगिक उपचाराचे पैसे घेता येत नाहीत. क्रमांक नाही आणि लाखभराचं पॅकेज मात्र तयार आहे, असं असेल तर ते ना संशोधन, ना मान्य उपचार.