कॉम्फ्री
कॉम्फ्री : (सिंफायटम ऑफिसिनेल, कुल – बोरॅजिनेसी). यूरोप व पश्चिम आशिया येथील ओलसर नदीकाठी व कुरणांत वाढणारी ही बहुवर्षायू (अनेक वर्षे जगणारी) ओषधी सु. ६०–१२० सेंमी. उंच असते. पाने मोठी, भाल्यासारखी व राठ केसाळ. फुले घंटेसारखी, लोंबती, जांभळट वा पांढरट. लागवडीत मुख्यतः सिं. ॲस्परम या जातीशी झालेला हिचा संकर (रशियन कॉम्फ्री) आढळतो. लॉरेन्स हिल्स यांनी इंग्लंडमधील बॉकिंग येथे निवडलेला ‘बॉकिंग १४’ हा त्याचा प्रकार वंध्य असल्याने बियांपासून पसरत नाही.

उष्ण हवामानातील लागवड : सोटमूळ खोल जात असले, तरी रुंद पानांतून होणाऱ्या बाष्पोच्छ्‌वासाइतके (पानांवाटे वाफेच्या रूपाने पाणी बाहेर पडण्याइतके) पाणी मुळांना भर उन्हात पुरविता येत नाही. त्यामुळे दुपारी पाने माना टाकतात. सायंकाळी ती पुन्हा ताठ होतात. सकाळीही ती मलूल दिसल्यास मात्र जमीन कोरडी पडली आहे असे समजून पाणी द्यावे. दुपारनंतर सावली मिळेल अशी, सेंद्रिय द्रव्ययुक्त व पाणी न साचणारी जमीन निवडतात. मुळांचे ५–१० सेंमी. लांबीचे तुकडे ६०–९० सेंमी. अंतरावर थंड ऋतूच्या आरंभी लावतात, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी मुळे खोल रुजतात. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे जाड आच्छादन घालतात. पहिल्या वर्षी कापणी टाळावी. पुढेही कडक उन्हाळ्यात झाड पूर्ण छाटू नये. मुळाचा तुटका तुकडाही रुजत असल्याने जागा विचारपूर्वक ठरवावी. एकदा बसलेली कॉम्फ्री काढून टाकणे कठीण असते.

उपयोग व धोका : पानांत पोटॅशियम भरपूर असते. ती कंपोस्टात मिसळतात, आच्छादन म्हणून पसरतात किंवा पाण्यात कुजवून तो अर्क पातळ करून झाडांना घालतात. हाड मोडल्यास व मुरगळल्यास हिचा लेप लावण्याची यूरोपात जुनी प्रथा आहे. पाने भाजी व चहा म्हणूनही वापरली जात. परंतु तिच्यातील पायरोलिझिडीन अल्कलॉइडांमुळे यकृताला गंभीर इजा होते. त्यांचे प्रमाण मुळांत पानांपेक्षा जास्त असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००१ मध्ये कॉम्फ्रीयुक्त पूरक आहार बाजारातून काढून घेण्याची सूचना उत्पादकांना दिली. म्हणून ती पोटात घेऊ नये व जखमेवर लावू नये. बागेत तिचे खरे मोल खत म्हणूनच आहे.