भूल देणारी परिचारिका : पगाराआधी हिशेब तीन वर्षांचा

आपल्याकडे शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ रुग्णाला भूल देतो तो डॉक्टर. भूलतज्ज्ञ उपलब्ध नसेल तर ठरलेली शस्त्रक्रियाही पुढे ढकलावी लागते. अमेरिकेत मात्र हेच काम गेली शंभराहून अधिक वर्षे परिचारिकाही करीत आल्या आहेत. मेयो बंधूंच्या रुग्णालयातील ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने चौदा हजारांहून अधिक रुग्णांना दिलेल्या भुलीचा आढावा १९०६ मध्ये प्रसिद्ध केला होता. परिचारिकेने भूल देणे म्हणजे बेकायदा वैद्यकीय व्यवसाय नव्हे, असा निर्वाळा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३६ मध्ये दिला. तिथल्या ग्रामीण भागातील अनेक रुग्णालये आज या परिचारिकांवरच अवलंबून आहेत.

या परिचारिकांना 'सीआरएनए' म्हणतात. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागानुसार मे २०२४ मध्ये त्यांचे मध्यम वार्षिक वेतन २ लाख २३ हजार २१० डॉलर होते. नोंदणीकृत परिचारिकेचे मध्यम वेतन होते ९३ हजार ६०० डॉलर. दोन आकड्यांतील ही दरी पाहून अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या करणाऱ्या कोणाही परिचारिकेला या वाटेचे आकर्षण वाटावे, यात नवल नाही. मात्र पगाराचा आकडा हा या हिशेबाचा शेवट आहे. सुरुवात होते ती पगाराविना काढाव्या लागणाऱ्या तीन वर्षांपासून.

प्रवेशाची पायरी

प्रवेशासाठी पदवी, परिचारिकेचा अमेरिकी परवाना आणि अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आवश्यक असतो. स्पर्धा तीव्र असल्याने एका वर्षाच्या अनुभवावर क्वचितच भागते. २०२२ पासून नव्या विद्यार्थ्यांना थेट डॉक्टरेट पातळीच्या अभ्यासक्रमातच प्रवेश दिला जातो आणि त्याचा कालावधी किमान ३६ महिन्यांचा असतो. या काळात विद्यार्थिनीला किमान दोन हजार तास प्रत्यक्ष रुग्णसेवेत घालवावे लागतात आणि किमान सहाशे रुग्णांना भूल देण्याचा अनुभव घ्यावा लागतो. त्यानंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षा असते. शिकता शिकता नोकरी करणे जवळपास अशक्य असते. अनेक संस्था तशी मनाईच करतात.

आकडे काय सांगतात?

मध्यम वेतन धरले तर तीन वर्षांत बुडणारा पगार २ लाख ८० हजार ८०० डॉलर होतो. शुल्क, राहणीखर्च आणि शिक्षणकाळात साचलेले व्याज मिळून पदवीच्या दिवशी डोक्यावर दोन लाख डॉलरचे कर्ज आहे, असे गृहीत धरू. आठ टक्के व्याजाने ते दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे २ हजार ४२७ डॉलर बसतो आणि एकूण परतफेड २ लाख ९१ हजार डॉलरच्या घरात जाते. राहणीखर्च नोकरीत असतानाही झालाच असता. त्यामुळे बुडालेला पगार आणि परतफेड यांची सरळ बेरीज करणे योग्य नाही. तरीही वेतनातील वार्षिक फरक करपूर्व १ लाख २९ हजार डॉलरचा आहे. त्यातून कर वजा केला, तर झालेला खर्च भरून निघण्यास पदवीनंतर ढोबळमानाने पाच वर्षे लागतील. तिशीतील परिचारिकेला हा सौदा परवडतो. पन्नाशीकडे झुकलेल्या, किंवा घरातील एकमेव मिळवत्या असलेल्या परिचारिकेसाठी उत्तर तितके सोपे नाही.

कर्जाचा बदललेला नियम

आजवर या शिक्षणाचा मोठा आधार होता 'ग्रॅड प्लस' हे सरकारी कर्ज. शिक्षणाचा मान्य खर्च जितका, तितके कर्ज त्यातून मिळू शकत असे. जुलै २०२५ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ही योजना बंद करण्याची तरतूद केली. त्याऐवजी सामान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमांना वर्षाला २० हजार ५०० डॉलरची, तर 'व्यावसायिक' ठरणाऱ्या अभ्यासक्रमांना ५० हजार डॉलरची मर्यादा घालण्यात आली. तीन वर्षांचा हिशेब केला तर पहिल्या गटाला साडेएकसष्ट हजार आणि दुसऱ्या गटाला दीड लाख डॉलर मिळतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये शिक्षण विभागाच्या समितीत सहमती झालेल्या 'व्यावसायिक' या व्याख्येत वैद्यक आणि विधी होते, परिचर्या नव्हती. परिचारिकांच्या संघटनांनी याला तीव्र आक्षेप घेतला. आपल्या अभ्यासक्रमाला यांपैकी कोणती मर्यादा लागू आहे, हे प्रवेश निश्चित करण्यापूर्वी विद्यापीठाकडून लेखी घेणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते. उरलेली रक्कम खासगी बँकेकडून घ्यावी लागली, तर जामीनदाराचा प्रश्न उभा राहतो. शिवाय ना-नफा रुग्णालयात दहा वर्षे सेवा करून हप्ते भरणाऱ्यांना सरकारी कर्जावर मिळणारी माफी खासगी कर्जाला लागू होत नाही.

महाराष्ट्रातून गेलेल्यांसाठी

परीक्षा देऊन अमेरिकेत नोकरीस गेलेल्या मराठी परिचारिकांना आणखी काही गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतील. जीएनएम ही पदविका आहे. ती घेतलेल्यांना आधी पदवी पूर्ण करावी लागते. अतिदक्षता विभागाचा अनुभव अमेरिकेतीलच लागतो. मुंबई-पुण्यातील रुग्णालयांत काढलेली वर्षे त्यासाठी मोजली जात नाहीत. सरकारी कर्ज नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळते. पतीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्यांना ते मिळत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भारतात या पात्रतेचे स्वतंत्र पद नाही. आई-वडिलांच्या आजारपणामुळे उद्या परतावे लागले, तर डॉलरमधील हप्ता रुपयांतील पगारातून भरण्याची वेळ येईल.

तेव्हा निर्णयापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. एखाद्या सीआरएनएबरोबर शस्त्रक्रियागृहात एक-दोन दिवस काढून काम जवळून पाहावे. सरकारी व खासगी विद्यापीठांचे तीन वर्षांचे एकूण खर्च शेजारी शेजारी मांडावेत. तिसरी गोष्ट कोणत्याही माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. पुढचे सहा महिने घर एका पगारात, किंवा एकट्या असल्यास निम्म्या पगारात, चालवून पाहावे आणि उरलेले पैसे बाजूला टाकावेत. तो प्रयोग जमला तर शिल्लकही हाती राहील आणि उत्तरही. जमला नाही, तर अतिदक्षता विभागातील आपली नोकरी तोवर शाबूत असेलच.