चारशे मीटरची मारुती

आजऱ्याच्या माळावर छकड्यांची शर्यत बघितलेल्या माणसाला ड्रॅग रेस फारशी समजावून सांगावी लागत नाही. शर्यत सुटली की पहिल्या चार उड्यांतच बैल ओळखू येतो. इथंही तसंच. सरळ पट्टा, पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, शेजारी एक प्रतिस्पर्धी आणि समोर दिव्यांचा खांब. पिवळे दिवे लागतात, मग हिरवा. गंमत म्हणजे गाडीचं घड्याळ हिरव्या दिव्याबरोबर सुरू होत नाही. पुढचं चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडलं की सुरू होतं. त्यामुळं झोपेतून उठल्यासारखा सुटलेला गडी उत्तम वेळ नोंदवूनही हरू शकतो.

हौशी पोराच्या हाती बहुधा जुनी मारुती ८०० येते. तो पहिल्यांदा बॉनेट उघडतो. चूक तिथंच होते. उघडायची असते डिकी. स्टेपनी, जॅक, मागची सीट, खालचा गालिचा, सगळं बाहेर. गाडी साधारण ६५० किलोची, चालक ७० किलोचा, ताकद ३७ अश्वशक्ती. वजनाला ताकदीनं भागून त्याच्या घनमूळावरून पाव मैलाचा अंदाज बांधायचं एक जुनं सूत्र आहे, त्यानं ही गाडी वीसेक सेकंद घेते. वजन दहा टक्क्यांनी उतरवलं तर सुमारे पाऊण सेकंद वाचतो. खर्च एका पान्याचा.

पुढचा प्रश्न टायरचा. ८००चा टायर १४५ मिलिमीटर रुंद, चाक १२ इंचांचं आणि ओढ पुढच्या चाकांची. गाडी झेपावली की तिचं वजन मागं सरकतं. थोडी ताकद वाढवलेल्या ८००चा हिशेब केला तर पुढच्या चाकांवरचं पन्नास-साठ किलो ओझं त्या क्षणी मागच्या चाकांवर जातं. म्हणजे ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी होतात आणि जागच्या जागी रबर जाळत बसतात. म्हणून पुढं रुंद, मऊ टायर आणि हवा जरा कमी. मागं हवा भरून टणक. मागच्या स्प्रिंगा कडक, गाडी मागं बसू नये म्हणून. जाणकार पहिल्या ६० फुटांची वेळ वेगळी बघतात. तिथं गमावलेलं पुढं सहसा भरून येत नाही.

आता बॉनेट. सिलिंडर-हेड घासण्याचं काम मला फार आवडतं, कारण त्यात अंदाजपंचे चालत नाही. ८००च्या इंजिनाचा बोअर ६८.५, स्ट्रोक ७२ मिलिमीटर. तीन सिलिंडर, प्रत्येकी २६५ सीसी. कॉम्प्रेशन ८.७ वरून ९.७ वर न्यायचं तर पिस्टन अगदी वर असताना उरणारी साडेचौतीस सीसीची जागा साडेतीसवर आणावी लागते. म्हणजे चार सीसी. चहाच्या चमच्यात याहून जास्त मावतं! हे मोजायला हेड उलटं ठेवून व्हॉल्व्ह बसवायचे, ज्वलनकक्षावर भोक पाडलेली पारदर्शक ॲक्रिलिकची पट्टी ग्रीस लावून चिकटवायची आणि इंजेक्शनच्या सिरिंजनं रॉकेल सोडत जायचं. बुडबुडा संपला की आकडा वाचायचा. तिन्ही कक्षांत सारखं रॉकेल बसलं पाहिजे. मग हेड मशीनवर चढवून मिलिमीटरभर घ्यायचं. जास्त घेतलं की इंजिन कडकड वाजायला लागतं, कारण पंपावरच्या साध्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा तेवढा नसतो. शिवाय हेड खाली आलं की टायमिंग बेल्टचा हिशेबही किंचित सरकतो, तो विसरणारे बरेच.

असलं काम आजऱ्याहून ऐंशीएक किलोमीटरवर, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात होतं. उसाला पाणी आणि गुऱ्हाळाला चरक यांसाठी इंजिनं लागली, तेव्हा म्हादबा मिस्त्री शेळके यांच्यासारख्या, शाळेपेक्षा कारखान्यात शिकलेल्या कारागिरांनी ती इथं घडवली. त्या परंपरेतला टर्नर तुमचं हेड हातात घेऊन नुसतं बोट फिरवतो आणि सांगतो, “मधी पोट आलंय, दादा.” फ्लायव्हील हलकं करायचं कामही लेथवरच होतं, पण बिडाचं फ्लायव्हील फार कातलं तर वेगात फुटतं आणि तुकडे चालकाच्या पायाशी येतात. इथं हौस आवरावी.

याहून पुढं जायचं तर मारुती एस्टीमचं १२९८ सीसीचं, ८५ अश्वशक्तीचं इंजिन बसवतात. कागदावर वेळ सोळाच्या आत येते. मग ब्रेक, क्लच, ड्राइव्हशाफ्ट, रेडिएटर सगळंच बदलायचं; बजेटला टोक राहत नाही. ही गाडी रस्त्यावर चालवण्याजोगीही उरत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल मान्य करत नाही, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर कलम १८९ खाली दंड पाच हजारांपर्यंत, शिवाय कैदही होऊ शकते. आंबोलीकडं जाणाऱ्या वाटेवर हिंमत दाखवू नये. त्यासाठी लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’सारखी शर्यत भरत आली आहे. हेल्मेट, सीटचा पट्टा, अग्निशामक आणि गाडीच्या बाहेरून बॅटरी तोडणारा स्विच, एवढं तरी घेऊन जावं.

गाडी तिथं टेम्पोवर चढवून न्यायची. परत आल्यावर आई म्हणते, बाजाराला जायचंय. मग माडीवरून मागची सीट खाली आणायची, आणि तिचे बोल्ट कुठल्या डब्यात ठेवलेत ते शोधत बसायचं.