शम्सी तलावाच्या काठानं

दिल्लीत कामानिमित्त आलेल्या मराठी माणसाचा मोकळा दिवस बहुधा लाल किल्ल्यात आणि करोलबागेत संपतो. कुतुबमिनार पाहिला, तरी तिथूनच तो मागे फिरतो. मिनाराच्या पलीकडे, पायी जाण्याजोग्या अंतरावर, मेहरौली नावाचं जुनं गाव आहे आणि गावाच्या दक्षिणेला शम्सी तलाव. दिल्लीतल्या इतक्या वर्षांत एकटीनं, घड्याळाकडे न बघता फिरायला मी वारंवार तिथेच गेले आहे. दर खेपेला वाटतं, दिल्लीचा इतिहास सिंहासनांपेक्षा या पाण्यावरून अधिक नीट कळतो.

तलाव शम्सुद्दीन इल्तुतमिशचा, 1229-30च्या सुमाराचा. पैगंबरांनी स्वप्नात येऊन जागा दाखवली आणि तिथे त्यांच्या बुराक घोड्याच्या टापेची खूण उमटली होती, अशी आख्यायिका आहे. त्या खुणेवर उभारलेली लाल दगडाची बारा खांबी छत्री आजही आहे. पण पूर्वी ती भर पाण्यात होती, आता काठापासून फार लांब राहिलेली नाही.

चौदाव्या शतकात दिल्लीचा काझी असलेला इब्न बतूता याच तलावाचं वर्णन सुमारे दोन मैल लांब आणि त्याच्या निम्मा रुंद असं करतो. पाणी भरपूर असलं की मधल्या इमारतीत फक्त नावेनं जाता यायचं. पाणी ओसरलं की काठच्या मोकळ्या जमिनीत ऊस, काकड्या, खरबुजं लावत. त्यानं दिलेली मापं मनात धरून आजच्या काठानं चाललं, तर पहिला फेरा पुरा व्हायच्या आत प्रश्न पडतो, की एवढं पाणी गेलं कुठे?

त्याचं उत्तर त्याच शतकातल्या फिरोजशाह तुघलकाकडे मिळतं. आपल्या कारकिर्दीतली कामं त्यानं ‘फुतूहात-ए-फिरोजशाही’त सांगितली आहेत. त्यात शम्सी तलावाची हकिकत आहे: काही बेइमान लोकांनी पाणी आणणारे ओहळ बुजवले, म्हणून तलाव कोरडा पडला, त्यानं त्यांना कडक शिक्षा केली आणि वाटा पुन्हा मोकळ्या केल्या. हौजखासच्या तलावाचं तर त्याहून वाईट झालं होतं. गाळानं भरलेल्या त्या जागेत लोक शेती करत होते आणि विहिरी खणून पाणी विकत होते! साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या बादशहाला जे दिसलं, ते आपल्या पुण्या-मुंबईच्या नगररचनाकारांनी वाचावं असं मला मनापासून वाटतं. तलाव तळात मरत नाही, तो वरच्या उतारावर मरतो. शम्सी तलावाला पाणी यायचं ते अरावलीच्या खडकाळ उतारांवरून, पावसाचं. त्या उतारांवर रस्ते आणि वसाहती आल्या आणि पाण्याच्या वाटा बुजल्या. आज तलावाला चहूबाजूंनी घरं भिडली आहेत.

तरीही काठ देखणा आहे. ईशान्य कोपऱ्यावर लोदी काळातला जहाज महाल उभा आहे. तलाव भरलेला असताना महालाचं प्रतिबिंब तरंगत्या जहाजासारखं दिसायचं, म्हणून हे नाव. त्याच्या छत्र्यांवर निळ्या फरशांचे तुकडे अजून शाबूत आहेत. सकाळच्या उन्हात ते पाहण्यासाठी एकटं असणं चांगलं, कारण बरोबरच्या माणसाला लगेच पुढे जायचं असतं.

रस्त्याच्या पलीकडे, खालच्या अंगाला झरना आहे. तलाव भरून वाहिला की जास्तीचं पाणी तिथे उतरायचं. 1700च्या सुमारास तिथे बाग आणि कारंजी झाली, पुढे मुघल बादशहा अकबरशाह दुसरा आणि बहादूरशाह जफर यांनी मंडप बांधले. पावसाळ्यात अख्खा दरबार मेहरौलीला यायचा. आमराईत झोपाळे टांगले जायचे. याच काळात, 1812च्या सुमारास, ‘फूलवालों की सैर’ सुरू झाली. इंग्रज रेसिडेंट सेटनवर गोळी झाडल्याबद्दल अलाहाबादेला धाडलेला शहजादा मिर्झा जहांगीर परत यावा, म्हणून त्याच्या आईनं केलेला हा नवस. फुलांचे पंखे सूफी संत बख्तियार काकींच्या दर्ग्यातही गेले आणि योगमायेच्या देवळातही. 1942च्या चळवळीत इंग्रजांनी ही सैर बंद पाडली आणि नेहरूंच्या पुढाकारानं 1962मध्ये ती पुन्हा सुरू झाली. दिल्लीकरांनी नुसत्या भटकण्याला सणाचा मान दिला, याचं मला फार कौतुक वाटतं.

दर्ग्याला लागूनच जफर महाल आहे. मराठी माणसानं दिवसातला सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. फेब्रुवारी 2025मध्ये मराठी साहित्य संमेलन तालकटोऱ्याला भरलं, तेव्हा मराठ्यांच्या दिल्लीतल्या छावण्यांची आठवण अनेकांनी काढली. पण आपल्या दिल्लीतल्या सत्तेची शेवटची खूण मला इथल्या मोती मशिदीशेजारच्या छोट्या आवारात वाटते. तिथे शाह आलम दुसरा याची कबर आहे. 1772मध्ये मराठ्यांनी, महादजी शिंद्यांच्या पुढाकारानं, ज्याला अलाहाबादेहून आणून दिल्लीच्या तख्तावर बसवलं, तो हा बादशहा. 1788मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिरनं त्याचे डोळे काढले. त्याच वर्षी महादजींच्या फौजेनं दिल्ली घेतली, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं आणि पुढच्या वर्षी, पकडलेल्या गुलाम कादिरला ठार केलं. 1794मध्ये महादजी पुण्याजवळ वानवडीला वारले. सप्टेंबर 1803मध्ये पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांची फौज हरली आणि बादशहा इंग्रजांच्या हाती गेला. 1806मध्ये तो वारला. वानवडीची शिंदे छत्री आपण सगळे ओळखतो. तिच्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग इथे आहे.

त्याच आवारात जफरनं स्वतःच्या कबरीसाठी जागा राखली होती. ती रिकामीच राहिली, कारण 1862मध्ये तो रंगूनला, कैदेत वारला.

जायचं असेल तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. त्या दिवसांत तलावात पाणी असतं. मेट्रोनं कुतुबमिनार स्थानकापर्यंत जायचं आणि मेहरौलीच्या बस टर्मिनलपासून पायी सुरुवात करायची. टर्मिनलसमोरच अधमखानाची कबर आहे, तिथून बाजाराचा अरुंद रस्ता दर्ग्यावरून थेट तलावाशी नेतो. दर्ग्यात डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी लागते. तलावावर पोचल्यावर आधी दक्षिणेकडच्या वस्तीत शिरा आणि जमीन कुठून कुठे उतरते ते नजरेनं शोधा. गर्दीच्या घरांमधूनही तो उतार अजून ओळखू येतो, आणि फिरोजशाहनं मोकळ्या केलेल्या वाटा कुठल्या बाजूनं येत असतील याचा अंदाज बांधता येतो.