भरतीच्या वेळी उभं कुठे राहायचं?

ठाणे खाडीतल्या रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटी लागली की दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो आणि थवेच्या थवे त्यावर उतरतात. मान खाली, चोच उलटी धरलेली, आणि संथ पावलांनी खाणं सुरू. जीभ पंपासारखी मागेपुढे होत पाणी आत ओढते, चोचीच्या कडेच्या बारीक चाळणीतून ते बाहेर ढकलते. आत राहतं सूक्ष्म शेवाळ. छोटा रोहित या जातीचा सगळा भर या शेवाळावर असतो, मोठा रोहित ही दुसरी जात पाण्यातले बारीक किडेही टिपते. पिसांचा गुलाबी रंगही याच खाण्यातून येतो.

मग भरती येते. भांगेची भरती असेल तर चिखलाचा थोडा पट्टा उघडा राहतो आणि पक्षी तिथेच दाटीवाटीनं उभे राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण आलं, की मात्र सगळा चिखल पाण्याखाली जातो. रोहित पोहू शकतो, पण विसावा घ्यायला त्याला पाय टेकतील एवढंच पाणी हवं आणि आजूबाजूला मोकळीक हवी. अशी जागा त्याला काठच्या पाणथळींत मिळते: नवी मुंबईतल्या सीवूड्सला एनआरआय संकुल आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे, डीपीएस तलावात, उरणकडे पाणजे, बेलपाडा, भेंडखळला. अभयारण्याची हद्द मात्र या जागांच्या अलीकडेच संपते. या सगळ्या प्रकरणाची कळ मला इथेच दिसते. जेवणाची जागा आपण राखली आणि विसाव्याची बाजारात ठेवली.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य 2015 च्या ऑगस्टमध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 1690 हेक्टर, त्यातलं 896 हेक्टर कांदळवन आणि बाकीचं पाणी. 2022 साली खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. मुंबईसारख्या शहराला खेटून लाखभर रोहित हिवाळ्यापासून पावसाच्या तोंडापर्यंत मुक्काम करतात, ही जगात मिरवावी अशीच गोष्ट आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं या पक्ष्यांची गणती केली, काहींच्या पायांत कडी घातली आणि काठच्या पाणथळी खाडीशी कशा जोडलेल्या आहेत ते दाखवून दिलं. अभयारण्य आणि या पाणथळी यांचं व्यवस्थापन एकत्रच व्हायला हवं, असं त्यांचं म्हणणं आहे.

पण ही जमीन कागदावर वेगळीच दिसते. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना 1970 ची. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, खाजणं घेऊन नवी मुंबई उभी राहिली. ज्या खाजणात कालपर्यंत निवट्या आणि चिंबोऱ्या सापडत होत्या, ते नकाशावर भूखंड झालं. सीवूड्सच्या पाणथळीवर गोल्फ कोर्स आणि निवासी इमारती बांधायचं ठरलं आणि त्यासाठी विकास आराखड्यात बदलही झाला. त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले ते शेजारच्याच संकुलातले रहिवासी. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. इमारतीत राहणारे आणि पाणथळ राखणारे यांच्यात वैर असायलाच हवं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं सीवूड्सकडे पाहावं. भल्या सकाळी दुर्बीण घेऊन उभी असणारी, साखळी करून निदर्शनं करणारी माणसं तिथलीच, याच घरांतली आहेत.

पाणथळ मारायला दरवेळी भराव टाकावा लागतो असं नाही. डीपीएस तलाव सुमारे 30 एकरांचा. त्याचं पाणी खाडीच्या भरतीवर अवलंबून. नेरूळच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कामात भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या. वरून पाहिलं तर काहीच घडलं नव्हतं: तलाव जागच्या जागी, काठ शाबूत. पण पाण्याची ये-जा थांबली, की तलाव आटतो, तळाला भेगा पडतात, शेवाळ बिघडतं. 2024 च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मेलेले सापडले. कोरड्या पडलेल्या तळ्याला पुढे कुणी पडीक जमीन म्हटलं तर नवल नाही. म्हणूनच मला ही बुजलेली वाट उघड अतिक्रमणाहून जास्त घातक वाटते.

त्याच वर्षी 20 मेच्या रात्री घाटकोपरजवळ मुंबईत उतरणाऱ्या विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि 39 पक्षी मेले. थवा रात्री नेमका कशामुळे उडाला हे ठामपणे सांगता येणार नाही. पण एक साधा हिशेब मांडता येतो. नवी मुंबईचा विमानतळ आता सुरू झालाय. विमानांना धोका म्हणून पाणथळी नकोत, असा युक्तिवाद अधूनमधून केला जातो. विसाव्याची ठरलेली जागा गेली तर पक्षी हवेत विरून जात नाहीत, ते दुसरं उथळ पाणी शोधतात, आणि ते पाणी धावपट्टीच्या जवळही असू शकतं. पक्ष्यांनी कुठे बसावं हे आधीच ठरलेलं असेल, तर त्यात वैमानिकाचाही फायदा आहे.

डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला 2025 च्या एप्रिलमध्ये राज्य वन्यजीव मंडळानं मान्यता दिली. मोठी गोष्ट आहे, आणि ती रहिवाशांच्या चिकाटीनं घडली. आता पाण्याचं काय ते पाहायला हवं. भरतीचं पाणी तलावात आणणाऱ्या रस्त्याखालच्या पाइपांत पावसाळ्यात गाळ बसतो, प्लास्टिक अडकतं; ते दरवर्षी कोण साफ करणार, कोणत्या खात्याच्या पैशांतून, हे लेखी ठरायला हवं. पाणजेची पाणथळ 289 हेक्टरची, डीपीएसपेक्षा कितीतरी मोठी, आणि तिच्याही जिवाचं सगळं भरतीच्या पाण्यावर. तिथल्या उघाड्या, म्हणजे बांधातली पाण्याची दारं, भरतीला उघडणं आणि गरजेपुरतं पाणी आत राखणं हे काम खारभूमीवर पिढ्यानपिढ्या बांध सांभाळणाऱ्या आगरी-कोळ्यांना शिकवावं लागणार नाही. पाणजे, बेलपाडा, भेंडखळ आणि सीवूड्सच्या उरलेल्या दोन पाणथळींनाही डीपीएससारखाच दर्जा द्यावा, आणि पाण्याच्या वाटा राखायचं काम त्या त्या गावच्या माणसांना पगार देऊन सोपवावं.