आवाज येत नाही, म्हणजे व्हॉल्व्ह ठीक आहेत?

हूफडॉर्प आणि आसपासच्या गावांत मोटरसायकल चालवणारी आपली बरीच मंडळी आहेत. हिवाळा सरत आला की त्यांच्यात एक प्रश्न हमखास निघतो. गाडी सर्व्हिसिंगला टाकायची असते. पुस्तिकेत 'व्हॉल्व्ह क्लिअरन्स तपासा' असं स्पष्ट लिहिलेलं असतं. आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, "इंजिन शांत चालतंय ना? मग कशाला उघडायचं? वाजायला लागलं की बघू." मलाही इथल्या एका डीलरकडून हेच ऐकायला मिळालं. सल्ला आपलेपणाचा वाटतो, पैसेही वाचतात. पण तो बरोबर आहे का? ते ठरवण्यासाठी इंजिनच्या आत थोडं डोकावू या.

ही फट असते कशासाठी?

सिलिंडरच्या माथ्यावर इनटेक आणि एक्झॉस्ट असे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा असतात. फिरणारा कॅम त्यांना खाली दाबतो, स्प्रिंग परत वर ओढते. व्हॉल्व्ह बंद असताना कॅम आणि त्याच्या खालचा टॅपेट यांच्यामध्ये मुद्दाम एक बारीक फट ठेवलेली असते. तिलाच व्हॉल्व्ह क्लिअरन्स म्हणतात. बऱ्याच जपानी इंजिनांत ती इनटेकला साधारण ०.१ ते ०.२ मि.मी. आणि एक्झॉस्टला ०.२ ते ०.३ मि.मी. असते. म्हणजे प्रिंटरच्या कागदाच्या एक, दोन किंवा तीन घड्यांएवढी.

फट ठेवायचं कारण उष्णता. पोलादाचा ९० मि.मी. लांबीचा दांडा २०० अंशांनी तापला तर सुमारे ०.२ मि.मी.ने वाढतो. सिलिंडर हेडही तापून वाढतं, त्यामुळे प्रत्यक्ष हिशोब थोडा गुंतागुंतीचा आहे. पण मुद्दा तोच: वाढायला जागा नसेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होणार नाही.

फट वाढते की कमी होते?

सगळा वाद इथे आहे. आपल्या लहानपणी गल्लीतला मेकॅनिक इंजिनाला कान लावून "टॅपेट वाजतायत" म्हणायचा, फीलर गेज सरकवून स्क्रू फिरवायचा आणि अर्ध्या तासात गाडी देऊन टाकायचा. त्या इंजिनांत रॉकर, पुशरॉड, स्क्रूचं टोक असे बरेच भाग एकमेकांवर घासत. ते झिजले की फट वाढायची आणि टिकटिक ऐकू यायची. तिथे कान हे बऱ्यापैकी विश्वासार्ह उपकरण होतं.

आजच्या बहुतेक मोठ्या मोटरसायकलींत कॅम थेट बादलीच्या आकाराच्या टॅपेटवर किंवा छोट्या फिंगर फॉलोअरवर दाबतो. चाकणला बनणारी केटीएम ३९० ड्यूकही याच दुसऱ्या प्रकारातली. इथे कॅमच्या बाजूची झीज फार कमी असते. झिजते ती दुसरी बाजू: व्हॉल्व्हची कड आणि ती जिथे टेकते ती सीट. सीट झिजली की व्हॉल्व्ह हेडमध्ये किंचित आत जातो, त्याचा दांडा कॅमच्या दिशेने वर येतो आणि फट कमी होते. फट कमी झाली की इंजिन आणखी शांत होतं! म्हणजे डीलर ज्या शांततेला तब्येतीची खूण म्हणतो, ती बिघाडाचीही खूण असू शकते.

ही झीज किती सावकाश होते, त्याचा एक हिशोब करू. समजा तुम्ही ताशी १०० कि.मी. वेगाने जाताय आणि इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेतंय. कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला २,५०० वेळा सीटवर आपटतो. ४०,००० कि.मी.ला ४०० तास लागतील आणि तेवढ्यात ६ कोटी आघात होतील. एवढ्या आघातांत फट ०.०५ मि.मी.ने कमी झाली असं धरलं, तर एका आघाताच्या वाट्याला येणारी सरासरी झीज लोखंडाच्या एका अणूच्या रुंदीच्या सुमारे ३००व्या भागाएवढी भरते. हे कोणाच्याही कानाला कळणं शक्य नाही.

कमी फटीने बिघडतं काय?

चालू इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. त्यातली बहुतांश उष्णता बाहेर पडते ती सीटला टेकलेला असतानाच. वरच्या वेगात एका चक्राला २४ मिलिसेकंद लागतात. त्यातली साधारण १५ मिलिसेकंद व्हॉल्व्हला थंड होण्यासाठी मिळतात. फट संपली की हा स्पर्श अर्धवट होतो. उष्णता जायला वाट राहत नाही, वर जळता वायू त्या चिरेतून जोराने निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जाळतो. मग गाडी सुरू व्हायला कुरकुरते, आयडलिंग अडखळतं, ताकद उतरते. ही लक्षणं दिसतात तेव्हा बहुधा नुकसान झालेलं असतं. जे काम बटणाएवढी शिम, म्हणजे मोजून घडवलेली पोलादी चकती, बदलून भागलं असतं, त्यासाठी आता सिलिंडर हेड उतरवावं लागतं.

"आम्ही तर असं कधी पाहिलं नाही"

डीलर हे प्रामाणिकपणे सांगत असेल. पण त्याच्या अनुभवाचा नमुना तपासून पाहा. जे इंजिन उघडलंच नाही, त्यातली चुकीची फट दिसणार कशी? शिवाय वर्षाला ४,००० कि.मी. चालवणाऱ्याला ४०,००० गाठायला १० वर्षं लागतात. तोवर गाडीचा मालक बदललेला असतो, अनेकदा वर्कशॉपही. टाळलेल्या तपासणीचं बिल तिसऱ्याच माणसाच्या नावावर फाटतं आणि पहिल्या डीलरच्या कानावर ते कधीच जात नाही. शिफोल आपल्या शेजारीच आहे. तिथे विमानाच्या इंजिनाची तपासणी ठरलेल्या वेळी होते, आवाज येईपर्यंत कोणी थांबत नाही.

नेदरलँड्समध्ये आणखी एक गोष्ट आहे. कारला असते तशी सक्तीची एपीके तपासणी मोटरसायकलला नाही. म्हणजे तुमच्याखेरीज कोणीच विचारणार नाही.

डीलर बरोबर असतो तेव्हा

दुसरी बाजूही पाहायला हवी. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात. ऑइलच्या दाबाने ते फट आपोआप सांभाळतात, तिथे मोजायला काही उरत नाही. हार्ले-डेव्हिडसनच्या गाड्या याचं प्रसिद्ध उदाहरण. रॉयल एनफील्डच्या यूसीई इंजिनाच्या क्लासिकमध्येही हायड्रॉलिक टॅपेट होते, पण त्याच कंपनीच्या इंटरसेप्टर ६५० मध्ये स्क्रूचे टॅपेट आहेत. तेव्हा ब्रँड पाहून नाही, मॉडेल पाहून ठरवायचं.

तपासणीचं अंतरही वाढत चाललंय. यामाहाचं युरोपचं मुख्यालय आपल्या शेजारी शिफोल-रायकला आहे. त्यांच्या एमटी-०७ च्या युरोपीय पुस्तिकेत हा आकडा ४०,००० कि.मी. आहे. डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही४ मध्ये आपली प्रसिद्ध डेस्मोड्रॉमिक यंत्रणा सोडून साध्या स्प्रिंग घेतल्या आणि अंतर ६०,००० कि.मी.वर नेलं. त्यामुळे १२,००० कि.मी. झालेल्या एमटी-०७ बद्दल डीलर "आत्ता गरज नाही" म्हणाला, तर तो बरोबरच आहे. फक्त त्याचं कारण पुस्तिकेत आहे, शांततेत नाही.

मग विचारायचं काय?

भांडायची गरज नाही. डच माणसाला सरळ प्रश्न आवडतात. हे चार विचारा.

पहिला: माझ्या मॉडेलच्या पुस्तिकेत किती कि.मी.ला तपासणी लिहिली आहे? जाण्यापूर्वी ते पान स्वतः वाचा.

दुसरा: इंजिन थंड असताना मोजणार का? होंडासारखे निर्माते ३५ अंशांखालचं तापमान सांगतात. गाडी आदल्या संध्याकाळी सोडावी लागेल असं डीलर म्हणाला, तर ते चांगलं लक्षण. सकाळी तुम्ही चालवत नेलेली गाडी दोन तासांत 'तपासून' परत मिळाली, तर काय तपासलं ते नक्की विचारा.

तिसरा: प्रत्येक व्हॉल्व्हचं माप लिहून मिळेल का? दोन सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह असतील तर आठ आकडे. बिलावर नुसतं 'क्लेपस्पेलिंग ओके' नको. मर्यादा ०.११ ते ०.२० असेल, तर ०.१९ही ओके आणि ०.११ही ओके. पण पहिलं निश्चिंत राहायला सांगतं आणि दुसरं सांगतं की पुढची तपासणी चुकवू नका.

चौथा, जुनी गाडी घेताना: मागच्या तपासणीचे आकडे आहेत का? नसतील, तर तपासणीचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा.

हे आकडे जपून ठेवा. पुढच्या वेळी पुन्हा मोजाल तेव्हा दोन मापांमधला फरक तुमच्या इंजिनाचा झिजण्याचा वेग सांगेल, आणि पुढचं इंजिन कधी उघडायचं ते तुम्हाला आणि तुमच्या डीलरला एकाच कागदावरून ठरवता येईल.