कोंबडी अंडं देत नाही? सुरी काढण्याआधी तिला नीट बघा



मागच्या बैठकीत बचत गोळा करून झाल्यावर एका ताईने विचारलं, "माझी कोंबडी आठ दिवस झाले अंडं देत नाही. घरचे म्हणतात, कापून टाकू. काय करू?" तिचं बोलणं संपेपर्यंत आणखी दोघी-तिघींनी तीच तक्रार सांगितली. म्हणून या अंकात हाच विषय घेतला.

आधी माझी स्वतःची चूक सांगते. मी चांदीपची. गटातून कर्ज काढून मी सुधारित जातीच्या पाच तलंगा घेतल्या. अंडी सुरू झाली तसा हप्ता अंड्यांच्या पैशांतूनच सुटायला लागला. पावसाळ्यात त्यातली एक सारखी टोपलीत जाऊन बसायची, उठायची, पुन्हा बसायची. सासूबाई म्हणाल्या, "खुडूक झालीय, राहू दे डालग्याखाली." मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मेलेली होती. कापली तेव्हा पोटात अख्खं अंडं अडकलेलं दिसलं. खुडूक नव्हतीच ती.

पंधरा दिवसांनी दुसरी कोंबडी तशीच करायला लागली. या वेळी मी लगेच आमच्या पशुसखीला बोलावलं आणि ती वाचली. दोन्हींत फरक एवढाच, की दुसरीला वेळेवर ओळखलं. तेव्हा कोंबडी अंडं देईनाशी झाली की आधी हे चारपैकी काय आहे ते ओळखा.

१. खुडूक बसली आहे

ही कोंबडी टोपली सोडत नाही. हात लावला तर अंग फुलवते, चोचीने मारते, गुरगुरते. दिवसातून एकदा खायला-प्यायला उठते. तब्येत चांगली असते. आपल्या गावठी कोंबड्यांचा हा स्वभावच आहे.

पिल्लं हवी असतील तर तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, २१ दिवसांनी पिल्लं निघतील. नको असतील तर रोजची अंडी लगेच उचला आणि तिला तीन-चार दिवस खालून हवा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा. दाणापाणी द्या, पण बसायला गवत-पेंढा देऊ नका. नाकात पीस घालणं, थंड पाण्यात बुडवणं असले उपाय नकोत. जीव बिचारा हैराण होतो.

२. पिसं गळत आहेत किंवा दिवस लहान झालाय

वर्षातून एकदा कोंबडी जुनी पिसं टाकते. त्या काळात दोन-तीन महिने अंडी बंद होतात, कारण खाल्लेलं सगळं नव्या पिसांना लागतं. तेव्हा थोडी सुकट, भुईमुगाची पेंड द्या. अंडी भरपूर यायला कोंबडीला साधारण १४ ते १६ तास उजेड लागतो, म्हणून थंडीतही अंडी कमी होतात. हा आजार नाही. अशी कोंबडी कापली तर पुढची अंडी आपणच गमावतो.

३. अंडं अडकलं आहे

इथे मात्र घाई करायची. कोंबडी पाय फाकवून, शेपटी खाली पाडून उभी राहते. सारखी कळ देते, शेपटी वर-खाली हलते. चालताना डुलते, खात नाही, डोळे मिटून घेते. शेपटीखाली पोटाला अगदी हलक्या हाताने चाचपलं तर आत टणक अंडं लागतं. दिवस-दीड दिवसात मोकळी झाली नाही तर जीव जातो.

पशुसखीने माझ्या कोंबडीला काय केलं, ते क्रमाने सांगते:

- टबात कोमट पाणी घेतलं, आपण बाळाला आंघोळ घालतो तेवढंच. कोंबडीचं पोट आणि शेपटीचा भाग त्यात १५-२० मिनिटं बुडवून धरला. डोकं आणि छाती वर.
- मग फडक्याने पूर्ण कोरडी केली. पावसाळ्यात ओली सोडली तर गारठ्यानेच जाईल.
- स्वच्छ बोटाने, नख लागू न देता, अंडं येतं त्या जागेच्या कडेला थोडं खोबरेल तेल लावलं.
- खोक्यात पेंढा घालून, वरून पोतं टाकून तिला अंधारात, उबेत, एकटी ठेवली. प्यायला पाणी दिलं. मुलांना जवळ जाऊ दिलं नाही.

दोन तासांनी पुन्हा एकदा तसंच शेकलं. रात्री अंडं आलं. कवच पातळ आणि खरखरीत होतं.

पोट दाबू नका, अंडं ओढू नका, आत काडी घालून फोडू नका. आत फुटलेल्या अंड्याची कपची लागते आणि विष पसरतं. दोन वेळा शेकूनही अंडं आलं नाही तर गुरांच्या दवाखान्यात न्या किंवा पशुसंवर्धन विभागाच्या १९६२ या मोफत नंबरवर फोन करा. अंड्याबरोबर लाल मांस बाहेर आलेलं दिसलं तर त्या कोंबडीला आधी वेगळी करा. लाल दिसलं की बाकीच्या कोंबड्या चोची मारून तिला संपवतात. डॉक्टरांनी औषध दिलं तर किती दिवस तिची अंडी खायची-विकायची नाहीत, हेही विचारून घ्या.

४. आजार आहे

कोंबडी शेंदते, हिरवट पातळ हगते, मान वाकडी करते, आणि एकीला नाही तर अनेकींना तेच होतं, तेव्हा मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो. त्यातून वाचलेली कोंबडीही पुढे अंडी कमी देते, वेडीवाकडी, मऊ कवचाची देते. याला औषध नाही, लसच आहे: पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटाचा थेंब आणि साधारण आठव्या आठवड्यात पुढची लस. पशुसखीकडे नाव लिहून ठेवा.

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या तर त्या हाताळू नका, कापू नका, ओढ्यात टाकू नका. लगेच दवाखान्यात कळवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत आणि मग आपल्या वसई-विरार भागातही बर्ड फ्लू सापडला होता, हे विसरू नका.

अंडं अडकतंच का?

पशुसखीने मला पहिलं विचारलं, "खायला काय घालतेस?" मी म्हटलं, "कणी आणि उरलेला भात." तिथेच उत्तर मिळालं.

एका अंड्याचं कवच साधारण पाच-सहा ग्रॅमचं असतं आणि ते जवळजवळ सगळं चुन्याचंच, म्हणजे कॅल्शियमचं. अंडं तयार व्हायला २५-२६ तास लागतात, त्यातले वीसेक तास कवचावर जातात, तेही बरंचसं रात्री. कणीत कॅल्शियम नावालाच. मग कोंबडी स्वतःच्या हाडांतून काढून कवच बनवते. कॅल्शियम आणखी कमी झालं की अंडं बाहेर ढकलायची ताकदही राहत नाही, कारण स्नायूंनाही तेच लागतं. गावठी कोंबडी थोडी अंडी देऊन थांबते, पण सुधारित जातीची देतच राहते. तिला खाणंही तसं लागतं. पहिल्यांदा अंडी देणारी तलंग आणि भात खाऊन चरबी चढलेली कोंबडी, या दोघींनाही हा धोका जास्त.

उपाय आपल्या ताटाशेजारीच आहे. तिसऱ्या, कालवं केली की शिंपले फेकू नका. उकळा, उन्हात वाळवा, कुटून ज्वारीच्या दाण्याएवढे करा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. संध्याकाळी, खुराड्यात जायच्या आधी ही वाटी भरलेली असावी. लागेल तेवढं कोंबडी स्वतः खाते. शिंपले नसतील तर अंड्यांची टरफलं भाजून अगदी बारीक करा. मोठे तुकडे दिले तर तिला अंडी फोडून खायची खोड लागते. पानाला लावायचा चुना देऊ नका, तो तोंड भाजतो. पिल्लांना ही वाटी नको, त्यांच्या मूत्रपिंडांना जास्तीचं कॅल्शियम बाधतं.

कणीबरोबर शेवग्याचा पाला, थोडी सुकट, जमल्यास अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्या. सकाळी अंगणात मोकळी सोडा. पाणी सावलीत ठेवा. उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीचं कवचही पातळ होतं.

माझ्या त्या कोंबडीने बारा दिवस विश्रांती घेतली आणि पुन्हा अंडी सुरू केली. कर्ज फिटलं. सासूबाई आता स्वतः शिंपले कुटतात.

प्रत्येकीने आपल्या वहीत एक पान कोंबड्यांसाठी ठेवा: कुठल्या दिवशी किती अंडी, कवच कसं. पातळ कवच ही पहिली खूण असते. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, आपण मिळून बघू.